घर कुठे करायचं? दक्षिण टांझानियातल्या एका स्वयंसेविकेचं प्रकरण

परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या पूर्वतयारी वर्गात मी हे प्रकरण चर्चेला ठेवतो. बाईंच्या परवानगीने लिहिलं आहे. त्यांचं नाव, टांझानियातलं गाव, शाळा आणि पाठवणारी संस्था गाळली आहे, आणि माणसं ओळखू येतील असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बाई लातूर जिल्ह्यातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गणित शिकवून ५८व्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान काही वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, गावी धाकटा भाऊ सोयाबीन आणि तूर करतो. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून त्यांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे अर्ज केला आणि जानेवारी २०१७ मध्ये, तिथलं शाळेचं वर्ष सुरू होताना, दोन वर्षांसाठी लिंडी प्रदेशातल्या किनाऱ्याजवळच्या एका गावी रुजू झाल्या. दारेसलामहून दक्षिणेकडे, रुफिजी नदीवरचा म्कापा पूल ओलांडून बसने दिवसभराचा रस्ता. काजू, तीळ, नारळ आणि तुरीचा मुलूख.

टांझानियाने जानेवारी २०१६ पासून सरकारी शाळांतली फी बंद केली आणि पहिलीच्या वर्गात मुलांचा लोंढा आला. बाईंच्या शाळेत एका वर्गात शंभरावर मुलं बसत. एवढ्या गर्दीत गणित कसं शिकवायचं हे तिथल्या शिक्षकांबरोबर बसून बसवायचं, हे त्यांचं काम. चिंचोके, खडे आणि काड्या घेऊन शिकवण्यात बाईंचा हातखंडा. कामाविषयी इथे फारसं येणार नाही, कारण ते पहिल्या महिन्यापासून बरं चाललं. घोडं अडलं ते राहण्यात.

त्या किनाऱ्यावर हिंदी माणूस नवा नाही. झांजिबारच्या सुलतानांच्या काळापासून कच्छी आणि गुजराती व्यापारी तिथे आहेत. देशाला समाजवादाकडे नेणारा १९६७चा अरुशा जाहीरनामा आला, १९७१मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या, आणि पुष्कळ कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला निघून गेली. लहान गावांत आता एखाददुसरं घर उरलंय. पण गावाच्या डोक्यातलं चित्र उरलंच आहे: 'मुहिंदी' म्हणजे दुकानदार. गल्ल्यावर बसणारा, उधारीची वही ठेवणारा, शेतमाल विकत घेणारा, आणि आपल्या घरात सहसा न बोलावणारा.

बाईंना निघण्याआधी मिळालेली पुस्तिका युरोपातल्या स्वयंसेवकांसाठी लिहिलेली होती. मुलं 'म्झुंगू, म्झुंगू', म्हणजे 'गोरा, गोरा', करत मागे लागली तर काय करायचं, यावर तीत दोन पानं होती. बाईंना कुणी म्झुंगू म्हणणार नव्हतं.

अडचण

पहिला प्रश्न छपराचा. शाळेच्या क्वार्टरचे पत्रे बदलायचे राहिले होते. संस्थेच्या स्थानिक माणसाने तात्पुरती सोय गावातल्या एकमेव गुजराती कुटुंबाकडे, दुकानदार शेठ आणि भाभींकडे, केली. त्याला ही फार हुशारीची सोय वाटली असणार. भाषा जुळते, जेवण शाकाहारी, घरात इन्व्हर्टर आणि बोअरचं पाणी. भाभींनी 'आवो बेन' म्हणून दारातच हात धरला. खिचडी, कढी, पापड. बाईंच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून सुटकेचा श्वास टाकला.

तीन आठवडे असे गेले. शाळेत मात्र बाई आल्या की शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं अर्ध्यावर थांबे. मग एके दिवशी दुसरीच्या वर्गाचे मास्तर फाटकाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, की तुमच्या भावाला सांगा, माझा हिशेब पगारापर्यंत थांबवायला. बाईंना आधी कळेचना. त्यांचा भाऊ तर लातुरात. मास्तरांचा रोख शेठकडे होता. पुढच्या आठवड्यात एका पालकाला सिमेंटच्या चार गोण्या उधारीवर हव्या होत्या. वर्गात मागे बसून बाई शिक्षकांचे पाठ पाहत आणि टिपणं काढत. आता त्या टिपणांचीही शंका येऊ लागली, की ती कुठे जातात? शेठना यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट 'आपल्या टीचर' म्हणून ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत.

क्वार्टर होताच बाई तिकडे गेल्या. दोन खोल्या, मोकळं अंगण, कोरडा नळ. विजेचं मीटर आगाऊ पैसे भरण्याचं. मोबाइलवर आलेला वीस आकडी क्रमांक त्यात दाबायचा की दिवे लागतात. घड्याळाचं तिथलं सहा तासांचं गणित, म्हणजे सकाळी सातला एक वाजला म्हणायचं, हे त्यांनी एव्हाना आत्मसात केलं होतं. अशा गोष्टींवर स्वयंसेवकांच्या आठवणींत पानंच्या पानं असतात. त्या आठवड्याभरात जमतात. पाण्याचं तसं नव्हतं.

पाण्याची टंचाई बाईंना कुणी शिकवायला नको होती. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा त्या लातुरातच होत्या. दोन बादल्यांत दिवस काढायची सवय होती. क्वार्टरमधल्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात चौथी-पाचवीच्या दोन मुली उभ्या. डोक्यावर वीस-वीस लिटरच्या बादल्या, कडेने पाणी ओघळून गणवेशाच्या खांद्यावर आलेलं. मुख्याध्यापकांनी पाठवलं होतं. सगळ्याच शिक्षकांकडे मुलं पाणी भरत. बाईंनी बादल्या उतरवून घेतल्या, मुलींना बसवून बिस्किटं दिली आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलींनी शाळेत तसं सांगितलं आणि त्यांनाच बोलणी बसली. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं, की मोठ्यांना पाणी देणं ही शिकवण आहे, त्यात वाईट काय? बाई म्हणाल्या, पहिला तास चालू असताना त्या डुलक्या काढतात, हे वाईट.

मग त्या स्वतः पंपावर जाऊ लागल्या. इथे त्यांच्या वयाने गोची केली. त्या भागात वडीलधाऱ्यांना लहानांनी 'शिकामो' म्हणायचं आणि मोठ्याने 'मरहबा' म्हणून ते स्वीकारायचं, ही रीत घट्ट आहे. अशा गावात साठीच्या जवळची पाहुणी मास्तरीण बादली घेऊन रस्त्याने चालते, हे पाहून गावालाच ओशाळं व्हायला होत होतं. शाळेला पाहुण्याची पर्वा नाही, असं काही म्हणत. काही म्हणत, मुहिंदी आहे, दोनशे शिलिंग वाचवते. घरकामाला कुणी ठेवा, असं तीन जणांनी सुचवलं. बाई म्हणत, माझं मी करते. साधेपणाने राहायचं हा त्यांचा निश्चय होता. त्याचा शेजारी वेगळाच अर्थ लावत होते.

मार्चच्या पावसात त्यांना मलेरिया झाला. तापात दोन दिवस खोलीत पडून होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. आपल्याला काही लागत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना पटवून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी एक शिक्षिका पाहायला आली. दवाखान्यात बोटाच्या थेंबावर तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या, आठवड्यात बाई उठल्या. पण मुख्याध्यापकांनी संस्थेला कळवलं, की या एकट्या राहू शकत नाहीत.

त्यात उसन्या पैशांचा विषय चालूच होता. बाईंचं मानधन तिथल्या शिक्षकाच्या पगाराइतकंच होतं, पण ते कुणाला खरं वाटत नसे. दोघांना उसने दिले, मग मागणारे वाढले. संस्थेची सूचना एका वाक्याची: पैसे उसने देऊ नका. पण नाही कसं म्हणायचं, हे त्या वाक्यात नव्हतं.

समोर असलेले पर्याय

एप्रिलमध्ये बाई आणि संस्थेचा माणूस बसले. बदली किंवा परत जाणं हा पर्याय कागदावर होता, पण बाईंनी तो बोलूही दिला नाही.

शेठकडे परत जाणं सगळ्यांत सोपं. संस्थेला तेच हवं होतं: सुरक्षित, आजारपणात गाडी हाताशी. बाईंना भाभींचा लळाही लागला होता. पण सकाळी ज्यांच्या वर्गात बसायचं त्यांच्या उधारीची वही संध्याकाळी त्याच छपराखाली उघडणार, हे त्यांना नको होतं. शेठ उधारीत कुणाला लुबाडत होते असं नाही. गावात पगाराआधीचे दहा दिवस निभतात ते त्या वहीवरच, हे बाईंना नंतर नीट कळलं. प्रश्न एवढाच, की वहीच्या कोणत्या बाजूला बसायचं.

दुसरा पर्याय क्वार्टरमध्येच राहून घरकामाला मुलगी ठेवण्याचा. गावात बहुतेक शिक्षक ठेवतात. पण 'मुलगी' म्हणजे खरोखरच मुलगी, आतल्या खेड्यातली चौदा-पंधरा वर्षांची, शाळा सुटलेली. शाळा सोडलेल्या पोरींच्या घरी जाऊन त्यांना परत आणण्यात बाईंची निम्मी नोकरी गेली होती. त्यांनी ठाम नकार दिला. तासाभरासाठी प्रौढ बाई ठेवता आली असती, पण एकटं राहण्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

तिसरा पर्याय त्या शिक्षिकेने सुचवला. तिच्या मावशीच्या घरात खोली रिकामी होती. किनाऱ्यावरची घरं ठरावीक घाटाची: मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे भिंतीचं अंगण, तिथे सामाईक स्वयंपाक आणि न्हाणी, पुढे रस्त्याकडे बसायचा सिमेंटचा कट्टा, म्हणजे बराझा. घरमालकीण बाईंच्याच वयाची, विधवा. पहाटे मांदाझी, म्हणजे गोडसर पुऱ्यांसारखा प्रकार, तळून आणि नारळाच्या दुधातली तूर शिजवून विकायची. तूर आणि मांदाझी हा त्या किनाऱ्याचा नाश्ता.

या पर्यायाला तीन बाजूंनी हरकती आल्या. संस्थेच्या नियमात स्वतंत्र स्वच्छतागृह आणि आतून कुलूप हवं होतं. बाईंची अडचण मासळीची. मांस खात नाही म्हटलं की प्रेमाने मासा पुढे करतात, हा अनुभव त्यांनी घेतला होता. आता तर एकाच अंगणात रोज मासा तळला जाणार. आणि घरमालकिणीची हरकत कुणी विचारलीच नव्हती, ती तिनेच सांगितली: ही परकी बाई माझ्या घरात आजारी पडली तर बोल कुणाला लागणार?

काय ठरलं आणि कसं पार पडलं

खोली घ्यायची ठरली. माझ्या मते निर्णयाइतकंच महत्त्व त्याआधी झालेल्या बोलणीला आहे. सहसा स्वयंसेवक आधी राहायला जातात आणि मग रोजच्या कुरबुरीतून नियम बनतात. इथे कट्ट्यावर बसून शिक्षिकेच्या मध्यस्थीने आधी सगळं बोललं गेलं.

संस्था घराच्या न्हाणीला दार आणि आतून कडी बसवून देईल, आणि भाडं गावच्या दराने. मुहिंदीचा वेगळा दर नाही. कोळशाच्या शेगड्या दोन, अंगणाच्या दोन टोकांना. बाईंची भांडी वेगळी, पण बसायची चटई एकच. आजारपणात कुणाला फोन करायचा ते नंबर बोळाच्या भिंतीवर. पाणी हातगाडीवरून विकणाऱ्या पोराकडून, सबंध घरासाठी, खर्च निम्मा-निम्मा. या शेवटच्या कलमाने बाईंचा सगळ्यात मोठा पेच सुटला: शाळेच्या मुली नाहीत, बाईंच्या हाती बादली नाही, आणि एका तरुणाला रोजचं गिऱ्हाईक मिळालं. मुख्याध्यापकांची नाराजी मात्र यानेही पूर्ण गेली नाही.

खाण्याचा प्रश्न घरमालकिणीने आठवड्यात निकालात काढला. तिची नारळातली तूर बाईंना चालायची. म्चिचा म्हणजे आपला माठच, बाजारात जुडी स्वस्त. चवळी, मूग मुबलक. वरणासाठी डाळ मात्र दारेसलामहून पाकिटात यायची आणि ती शेठच्या दुकानातच मिळे. गावाबाहेर तुरीची शेतं उभी असताना. मेअखेर रमझान लागला. घरात दिवसभर चूल बंद, म्हणून बाईंनीही दुपारचं खाणं शाळेतच उरकायला सुरुवात केली. रमझान संपून आठवडा झाला आणि ४ जुलैला आषाढी एकादशी आली. आज खात नाही म्हटल्यावर कुणी कारण विचारलं नाही. घरमालकिणीने उकडलेला मुहोगो आणून दिला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो हाच, त्यामुळे उपासालाही चालला.

शेठकडचं येणं-जाणं बाईंनी तोडलं नाही. रविवारी दुपारी त्या उघडपणे भाभींकडे जेवायला जात. मीठ, साबण, काडेपेटी मात्र घराजवळच्या टपरीवरून. शेठना ते लागलं. बाईंनी एका रविवारी सरळ सांगितलं, की भाई, मी तुमच्या दुकानातून निघाले की लोकांना मी तुमच्या वहीतली वाटते. त्यांनी ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत. काही स्वयंसेवक 'स्थानिकांत मिसळायचं' म्हणून गावातल्या हिंदी कुटुंबांना ओळखही दाखवत नाहीत. मला तो उद्धटपणा वाटतो, शिवाय त्याने कुणी फसतही नाही.

पैशांवरचा तोडगा शाळेतच होता. दहा शिक्षकांची उपाटू चाले, म्हणजे आपली भिशी: महिन्याला प्रत्येकी २०,००० शिलिंग, दर महिन्याला एकाची पाळी. तेव्हा एका रुपयाला ३४-३५ शिलिंग पडत, म्हणजे सहाशेच्या आत-बाहेर रुपये. बाई अकराव्या झाल्या. मानधनाला ते जड होतं, पण आता कुणी उसने मागितले तर 'माझे उपाटूत आहेत' हे उत्तर होतं. गावात सगळेच ते देतात आणि त्याचा कुणाला राग येत नाही. लग्न-मयतीच्या वर्गणीची चिठ्ठी आली की घरमालकिणीला विचारून तिच्याएवढीच रक्कम मोबाइलवरून पाठवायची, हाही शिरस्ता पडला.

तुरीचा पेच

ऑगस्टमध्ये तूर निघाली आणि गावात व्यापारी माल उचलेनासे झाले. ५ ऑगस्ट २०१७ रोजी भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली होती. तिथल्या तुरीचं मोठं गिऱ्हाईक भारत. भाव कोसळले. रुवुमा नदीपलीकडच्या मोझांबिकशी भारताने २०१६मध्ये डाळींचा करार केला होता, त्यामुळे त्यांच्या मालाला वाट होती. टांझानियाशी तसा करार नव्हता. बराझावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हे सगळं रेडिओवरून ठाऊक होतं. संध्याकाळी बाई घरी आल्या की प्रश्न यायचा: तुमच्या सरकारने दार का लावलं?

संस्थेचा नियम राजकारणावर बोलू नका असा. मी शिक्षिका, मला त्यातलं काय कळतं, असं म्हणून आत जाता आलं असतं. सुरुवातीला त्यांनी तेच केलं. पण बाईंना त्यातलं पुष्कळ कळत होतं. २०१५मध्ये भारतात तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, मग सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि २०१६-१७मध्ये देशातलं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, पण बाजारात त्याहून बराच कमी. त्या एप्रिलमध्ये त्यांचा भाऊ खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून मुक्कामाला होता, कारण बारदाना संपला होता. त्याने तेव्हा पाठवलेले फोटो बाईंच्या फोनमध्ये होते.

एका संध्याकाळी त्यांनी फोन कट्ट्यावर फिरवला. रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टरांची रांग, पोत्यांवर टॉवेल टाकून झोपलेली माणसं, आणि डोळे चोळत बसलेला भाऊ. एका म्हाताऱ्याने फोटो बोटांनी मोठा करून तूर पाहिली. ही आमच्यापेक्षा बारीक आहे, म्हणाला.

याने सगळ्यांचं समाधान झालं असं मुळीच नाही. एकजण भडकला: तिथेही भाव नाही, इथेही नाही, मग डाळ दोनशेला विकली ते पैसे गेले कुणाकडे? त्याचं उत्तर बाईंकडे नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, तुमचा भाऊ थेट आमच्याकडून घेईल का? एक पालक महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बाईंनी शेठना विचारलं, तेव्हा त्यांनी मागचं गोदाम उघडून दाखवलं. आदल्या आठवड्यात घेतलेली पोती छतापर्यंत होती आणि दारेसलामचा निर्यातदार फोन उचलत नव्हता. हे बाईंनी कट्ट्यावर सांगितलं नाही. ती शेठची गोष्ट होती, सांगायची तर त्यांनी सांगावी.

परिणाम

बाई मुदत संपेपर्यंत त्याच घरात राहिल्या आणि २०१८च्या अखेरीस ठरल्याप्रमाणे परतल्या. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला तेव्हा घरमालकिणीने रात्रीच मोटरसायकल बोलावली. उपाटूची पाळी आली तेव्हा त्या रकमेतून बाईंनी न्हाणीला सिमेंटचा कोबा करून घेतला. घरमालकीण भाडं कमी करायला निघाली होती, ते त्यांनी घेतलं नाही. तुरीच्या हंगामानंतर शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं त्या आल्या म्हणून थांबत नसे. दुसरीच्या मास्तरांनी स्वतःहून सांगितलं, की शेठचा हिशेब चुकता झाला.

सगळंच सुटलं नाही. बाजारात अनोळखी विक्रेता मुहिंदी दर सांगायचाच. दोन उसनवाऱ्यांपैकी एक परत आली. मुली बाकीच्या शिक्षकांकडे पाणी भरतच राहिल्या. बाईंनी त्यावर पुन्हा तोंड उघडलं नाही, फक्त त्यांचा पहिला तास गणिताऐवजी गाण्या-गोष्टींचा करून घेतला.

काय वेगळं करता आलं असतं

तात्पुरती सोय कधीच नुसती तात्पुरती नसते. पहिले तीन आठवडे शेठकडे काढल्याने पुढचे तीन महिने ओळख पुसण्यात गेले. लिंडी शहरातल्या साध्या लॉजवर तेवढे दिवस काढले असते तर खर्च वाढला असता, पण तो वाजवी होता. वर्गात काहीजण याला विरोध करतात. त्यांचं म्हणणं, भाभींचा आधार नसता तर पहिल्या महिन्यातच बाई खचल्या असत्या. बाईंना विचारलं तर त्या हसून म्हणतात, कढी फार छान होती.

मुलींना परत पाठवणं योग्यच होतं, पण ते मुलींकरवी कळवायला नको होतं. मुख्याध्यापकांना आधी भेटून, पाणीवाल्या पोराचा पर्याय हातात ठेवून बोलता आलं असतं. बोलणी मुलींना बसली नसती आणि मुख्याध्यापकांचाही मान राहिला असता.

एकटीने सगळं करण्याचा हट्ट मला या प्रकरणात सर्वांत धोक्याचा वाटतो, आणि तो जबाबदार, कष्टाळू माणसांतच जास्त दिसतो. तो हट्ट नसता तर मलेरियाचे ते दोन दिवस तसे गेले नसते.

तुरीबद्दल वर्गात दरवेळी दोन तट पडतात. फोटो दाखवायला नको होते म्हणणारे म्हणतात, की उद्या एखाद्याने या बाईमुळे भाव पडला असं पसरवलं असतं तर? मी दुसऱ्या बाजूचा आहे. गप्प राहिल्या असत्या तर त्यांच्या गप्प राहण्याचाही गावाने अर्थ लावलाच असता. पण मोठ्या गावात, निवडणुकीच्या तोंडावर मी हाच सल्ला देईन का, याची खात्री नाही.

या प्रकरणानंतर संस्थेने घर ठरवण्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला: घरमालकाच्या अटी व शंका. पुस्तिकेत म्झुंगूची दोन पानं अजून तशीच आहेत. हिंदी स्वयंसेवकांसाठी पान लिहून द्या, असं बाईंना सांगितलंय. त्यांचा मसुदा झालाय आणि तो चार पानांचा आहे, त्यामुळे सध्या काय कापायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे.